मिठाचा सत्याग्रह, बापूंचं ब्लड प्रेशर आणि आपलं ताट



नागपुरात संत्र्याचा सिझन सुरू झाला की मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. शब्द वेगळे असतात, पण मतलब एकच. "भाऊ, घरी आईला बीपी आहे. आता किडनीचा रिपोर्टही थोडा वर आलाय. कोणी म्हणतं संत्री खायला द्या, बीपीला चांगली. कोणी म्हणतं हात लावू नका. खरं काय?"

मी डॉक्टर नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे आईच्या संत्र्याचा निकाल मी देणार नाही. तो त्यांच्या डॉक्टरांनीच द्यायचा. पण एकाच फळाबद्दल दोन उलटी उत्तरं येतात आणि आपापल्या जागी दोन्ही खरी असतात, असं का होतं, ते मी सांगू शकतो. त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं आणि वाटेत आपल्या सेवाग्रामला थांबावं लागतं.

आधी मीठ मिळायचंच कुठे

आज किराण्याच्या यादीत मीठ सगळ्यात स्वस्त. पण आपल्या भागाला समुद्र नाही. मीठ आलं तर लांबून यायचं आणि त्यावर सरकारचा कर बसायचा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मीठ चोरून आणलं जाऊ नये म्हणून सिंधू नदीपासून थेट महानदीपर्यंत जकातीची एक रेषाच आखली होती. ती बऱ्हाणपुरावरून मध्य प्रांतातून जायची. बऱ्याच ठिकाणी तिच्यावर काटेरी झाडांचं कुंपण होतं आणि हजारो शिपाई पहाऱ्याला होते. १८७९ साली ही रेषा उठली, पण कर काही उठला नाही.

आणि गंमत बघा. समुद्र नसला तरी वऱ्हाडात जमिनीतच मीठ होतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत, खारपाण पट्टा आहे. विहीर खणली की पाणी खारट. अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा हे गाव तर जुन्या काळापासून खाऱ्या विहिरींसाठी ओळखलं जायचं. म्हणून १९३० च्या एप्रिलमध्ये, गांधीजींनी दांडीला मीठ उचलल्यावर काही दिवसांतच, वऱ्हाडातल्या कार्यकर्त्यांनी मिठाचा सत्याग्रह केला तो दहीहांड्याला. तिथल्या खाऱ्या पाण्यापासून त्यांनी मीठ काढलं. ज्यांच्या भागात अशी सोय नव्हती त्यांनी पुढे जंगल सत्याग्रह केला. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला केलेला सत्याग्रह आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथला प्रश्न होता गरिबाला मीठ मिळत नाही हा. उन्हात राबणाऱ्या माणसाला मीठ लागतंच, घामातून ते जातं. त्या काळी मिठासाठी भांडणं बरोबरच होतं. "मीठ वाईट" असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये.

पण मीठ जास्त झालं तर काय, हा विचारही आपल्याकडे जुनाच आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति खाऊ नयेत असं सांगितलंय. दुधातसुद्धा मीठ घालून खाणाऱ्या प्रदेशांचा उल्लेखही तिथे येतो. फक्त "अति" म्हणजे किती, हे मोजायचं साधन तेव्हा नव्हतं. पुढची सगळी गोष्ट या मोजण्याचीच आहे.

लंडनमधला एक चमचा

१८२७ साल. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेले रुग्ण त्यांच्याकडे यायचे. ते रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायचे. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट व्हायची. म्हणजे अंगातली प्रथिनं लघवीतून गळत होती. हे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांची किडनी खराब झालेली दिसायची. शिवाय बऱ्याच जणांचं हृदय मोठं झालेलं असायचं आणि जिवंतपणी त्यांची नाडी कडक लागलेली असायची. ब्लड प्रेशर मोजायचं यंत्र अजून जन्माला यायचं होतं, पण किडनी आणि हृदय यांचं काहीतरी नातं आहे हे ब्राइटना कळलं होतं.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजण्याची पद्धत १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी काढली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा आणि खालचा आकडा घ्यायला शिकवलं. त्याच सुमारास, १९०४ साली, पॅरिसमध्ये आंबार आणि बोझार या दोघांनी मीठ कमी केलं की काही रुग्णांचं बीपी उतरतं असं दाखवलं. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीला रक्त नेणारी नळी चिमट्याने आवळली, तर त्याचं बीपी चढलं.

इथे गाठ सुटते आणि नवी पडतेही. बीपी वाढलं तर किडनी खराब होते. किडनी खराब झाली तर बीपी वाढतं. दोघं एकमेकांना खड्ड्यात ढकलतात. आणि मध्ये उभं असतं मीठ.

का, ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या दोन किडन्या दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी गाळतात. त्याबरोबर सव्वा किलोपेक्षा जास्त मीठ गाळलं जातं. हो, सव्वा किलो! त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक त्या परत रक्तात ओढून घेतात आणि आपण जेवढं जास्तीचं खाल्लं तेवढं बाहेर टाकतात. हा हिशेब रोज बिनचूक चालतो. किडनी थकली की जास्तीचं मीठ आतच राहतं, मिठाबरोबर पाणी राहतं, नळ्यांमधला दाब वाढतो. म्हणून बीपीवाल्याचं पथ्य हे मुळात किडनीचं ओझं कमी करायचं पथ्य आहे.

सेवाग्रामचा रुग्ण

आता आपल्या घराजवळ येऊ. नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की दीड-दोन तासांत सेवाग्राम. १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम तिथे होता. गाव तेव्हा सेगाव, १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं.

मिठाच्या बाबतीत हा माणूस विलक्षण होता. दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबा आजारी पडल्या. मीठ आणि डाळ सोड, असं गांधीजी त्यांना विनवत होते. शेवटी बा वैतागून म्हणाल्या की तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला तरी जमेल का? गांधीजींनी तिथल्या तिथे दोन्ही वर्षभरासाठी सोडलं. बिचाऱ्या बा रडल्या. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत लिहिलाय. म्हणजे ज्याने स्वतःच्या ताटातलं मीठ सोडलं, त्यानेच पुढे देशाच्या ताटातल्या मिठासाठी २४ दिवस चालून दांडी गाठली.

सेवाग्रामचा त्यांचा आहारही सगळ्यांना माहीत आहे. शेळीचं दूध, उकडलेल्या भाज्या, पालेभाजी, फळं. मसाला नाही, तळण नाही. दारू-तंबाखू नाही. रोज मैलोन्‌मैल चालणं. अंगावर चरबी म्हणाल तर नावाला नाही.

आणि त्यांचं बीपी? २०१९ मध्ये, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नियतकालिकाने त्यांच्या तब्येतीच्या नोंदींवर विशेषांक काढला. त्यात आकडे आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ ला १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० ला २२०/११०. वजन ४६.७ किलो.

हे आकडे आज कुठल्याही डॉक्टरला दाखवा, तो खुर्चीतून उठेल.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. एक, "मी काही जाड नाही, मला कसलं बीपी?" दुसरी, "मी पथ्य पाळतो, मग गोळी कशाला?" ४६ किलोचा, सात्त्विक खाणारा, शिस्तीत जगणारा माणूस, आणि बीपी २२०. काहींच्या बाबतीत आनुवंशिकता, वय आणि मनावरचा ताण पथ्याला पुरून उरतात. त्यात त्या माणसाचा दोष नसतो. पथ्य केलं नसतं तर कदाचित आकडा आणखी वर गेला असता. पण एकट्या पथ्याने तो खाली आला नाही, हेही तितकंच खरं.

त्यांच्याकडे इलाज काय होते? विश्रांती, मौन, पोटावर आणि कपाळावर मातीच्या पट्ट्या. सर्पगंधेची मुळीही ते घेत असत असे उल्लेख मिळतात. खात्रीची गोळी जगात कुठेच नव्हती. वाढलेलं बीपी ही शरीराची गरजच असेल, ते उतरवू नये, असं मानणारे मोठे डॉक्टरही त्या काळी होते. पण एक गोष्ट गांधीजींनी केली, ती आज आपण करत नाही. त्यांनी आकडे मोजून घेतले आणि ते लिहून ठेवले गेले.

भात, फळं आणि साखर

त्याच काळात जगातला सगळ्यात ताकदवान माणूसही याच आजारात होता. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये तरुण हृदयतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासलं, तर बीपी १८६/१०८. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, असं सांगण्यात आलं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशीचा आकडा होता ३००/१९०. महासत्तेच्या अध्यक्षाकडेही सेवाग्रामपेक्षा फार जास्त काही नव्हतं.

तिथेच ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे, जर्मनीतून आलेले डॉक्टर होते. त्यांनी १९३९ पासून किडनी आणि बीपीच्या गंभीर रुग्णांना एक अजब आहार द्यायला सुरुवात केली. भात, फळं, फळांचा रस, साखर. बस. दिवसाला सुमारे २००० कॅलरी, प्रथिनं जेमतेम २० ग्रॅम, मीठ जवळपास शून्य. आपल्या भाताची ही कीर्ती!

त्यातली एक गोष्ट सांगितली जाते. किडनीच्या आजाराच्या एका बाईला त्यांनी दोन आठवडे हा आहार करून परत यायला सांगितलं. त्यांच्या जर्मन उच्चारामुळे तिने "दोन महिने" ऐकलं. दोन महिन्यांनी ती आली ती सुधारून. केम्पनरना कळलं की आपण फार लवकर थांबत होतो.

हा आहार इतका बेचव होता की फार लोकांना तो झेपत नसे, आणि तो डॉक्टरच्या कडक देखरेखीतच चालायचा. घरी करून बघायची गोष्ट नाही ती. पण त्याने एक सिद्ध केलं: ताट बदललं तर बीपी आणि किडनी दोन्ही बदलू शकतात.

मुंबईची मुळी आणि मिठाची गोळी

१९४९ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख छापला. ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी बीपीच्या नोंदी ठेवल्या होत्या. आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेली मुळी, पण मोजून दाखवली ती वकिलांनी. जगभर तिची चर्चा झाली आणि १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

१९५८ मध्ये क्लोरोथायझाइड ही गोळी बाजारात आली. ती काय करते? किडनीला जास्तीचं मीठ बाहेर टाकायला लावते. बघा, गोळीसुद्धा शेवटी मिठाचंच काम करते. ताटात मीठ तसंच ठेवून गोळी घेणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

मग १९९७ मध्ये अमेरिकेतला डॅश आहाराचा अभ्यास आला. ४५९ माणसं, आठ आठवडे. भरपूर भाज्या, फळं, कमी स्निग्ध दूध-दही, डाळी, दाणे. ज्यांना बीपी होतं त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. हे जवळजवळ एका गोळीचं काम. २००१ च्या पुढच्या अभ्यासात याच आहारात मीठ कमी केलं तर आणखी फरक पडला. भाज्या-फळांचा गुण येतो तो बऱ्याच अंशी पोटॅशियममुळे. पोटॅशियम किडनीला मीठ बाहेर टाकायला मदत करतं.

२०२१ मध्ये चीनमधला मोठा प्रयोग छापून आला. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं. अर्ध्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ दिलं. त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. मात्र ज्यांना गंभीर किडनीविकार होता त्यांना या प्रयोगात घेतलंच नव्हतं.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. संत्र्याचं उत्तर त्यात आहे.

एकच संत्रं, दोन उत्तरं

किडनी चांगली असेल तर पोटॅशियम मित्र. संत्री, केळी, नारळपाणी, पालक, टमाटर, डाळी, सगळं बीपीला चांगलं. पण किडनी बरीच थकली असेल तर ती पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. कधी कधी काही कळायच्या आत हृदय थांबतं. त्यात टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, ज्या बीपी उतरवतात आणि किडनीही जपतात, त्या स्वतः पोटॅशियम थोडं वाढवतात. म्हणून त्या चालू असताना रक्त तपासायला सांगतात. भीतीपोटी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, तपासणी करायची.

म्हणजे जे ताट काल औषध होतं ते उद्या धोका होऊ शकतं. आणि मधली रेषा कधी ओलांडली हे शरीर सांगत नाही. सूज, धाप, मळमळ दिसायला लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. रेषा दिसते ती फक्त कागदावर: रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन. ब्राइटच्या चमच्याचंच हे आजचं रूप. बीपी असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी हे करावं. एका चांगल्या जेवणाच्या खर्चात होतं आणि डायलिसिसच्या खुर्चीपासून वाचवू शकतं.

आता आपलं नागपुरी ताट. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आपल्या देशात सरासरी खाल्लं जातं ८ ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे ते कुठून येतं? सावजीच्या तर्रीतून, तर्रीपोह्यांवरच्या शेवेतून, उन्हाळ्यात घातलेल्या पापड, कुरडया, सांडग्यांतून, सांडग्या मिरचीतून, लोणच्यातून, ठेच्यातून. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियमच असतं, ते खारट लागत नाही एवढंच. आणि सैंधव? तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रंगाने गुलाबी आहे, हिशेबाने साधंच मीठ.

मी कोणाला सावजी सोडा म्हणणार नाही, माझं तोंड नाही ते म्हणायला. पण रोजच्या जेवणात ताटात वेगळं मीठ वाढू नका, पापड-लोणचं दोन्ही एकाच जेवणात नको, वडाभातावर लिंबू पिळा म्हणजे मीठ कमी लागतं. जीभ काही आठवड्यांत सवय करून घेते.

आणि "लो सोडियम" लिहिलेलं मीठ घरात आणायच्या आधी किडनीचा रिपोर्ट बघा. त्यात पोटॅशियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीविकार असलेल्यांना आणि लहान मुलांना वगळून. घरात एकाला बीपी आणि एकाला किडनीचा त्रास असेल, तर एकच बरणी दोघांना चालणार नाही.

प्रथिनांचंही तसंच. किडनी अधू असेल तर डॉक्टर प्रथिनं बेतात ठेवायला सांगतात. पण डायलिसिस सुरू झालं की उलट जास्त लागतात. शेजारच्या काकांचा आहाराचा कागद म्हणूनच आपल्याला चालत नाही. आणि पाठ दुखली म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणं, बीपीवाल्यांनो, किडनीला फार महागात पडतं.

पुन्हा खाऱ्या विहिरींकडे

जाता जाता खारपाण पट्ट्याबद्दल. ज्या पूर्णेच्या खोऱ्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तिथल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. पाण्यात क्षार जास्त, गोड पाण्याची लाइन रोज पोचेलच असं नाही. तिथल्या बाईला "मीठ कमी खा" सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. तिच्या हंड्यात काय आहे ते आधी बघावं लागेल. १९३० साली तिथल्या लोकांनी मीठ मिळण्याचा हक्क मागितला. आज त्यांना बिनमिठाच्या पाण्याचा हक्क मागावा लागतोय. मला वाटतं, दोन्ही मागण्या एकाच जातीच्या आहेत.

तर, आईच्या संत्र्याचं काय? आधी रिपोर्ट, मग संत्रं. किडनी ठीक असेल तर सोलून द्या, दोन फोडी आपणही खा. किडनी उतरलेली असेल तर पोटॅशियमचा आकडा बघून डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि कुठल्याही परिस्थितीत, ताट सुधारलं म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करू नका. जी गोळी १९४० साली कोणालाच मिळत नव्हती, ती आज आपल्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर घरातल्या मोठ्यांचं बीपी मोजा, आणि लिहून ठेवा.